तळणीच्या तेलातला माणूस

फिटर सिदूची आत्या एका मंगळवारी दुपारी सव्वादोन वाजता नाहीशी झाली. तशी ती मेली होती आठ वर्षांपूर्वीच, म्हातारपणानं, अंथरुणात, चारचौघींसारखी. पण मंगळवारी सव्वादोनला ती सिदूच्या डोक्यातूनही गेली, आणि जाताना उंबऱ्यावर पाऊलसुद्धा वाजलं नाही.

तासगावच्या बाहेर, द्राक्षबागा संपून माळ सुरू होतो तिथं, वापरलेल्या तेलाचं डिझेल करणारा कारखाना आहे. त्या दिवशी सिदू तिथल्या नव्या यंत्राचं गार भांडं पुसत होता. तळाला अर्ध्या टोपणाएवढा ओलावा साचला होता. सिदूनं वास घेतला. घ्यायचा नसतो, पण झाकण काढलं की नाक आपोआप पुढं जातं, माणसाची जातच तशी. वास घेतला आणि हा सहा फुटी गडी गुडघ्यावर बसून हमसाहमशी रडायला लागला.

"आत्या आली रं! तिचा लसणाचा हात, तिची मिसरी, समदी आली बघा!"

चार माणसं धावली. त्यांनी पाणी पाजलं, वारा घातला. दोन मिनिटांनी सिदूनं डोळे पुसले आणि विचारलं, "काय झालं? कोण आत्या?"

लोकांना वाटलं चेष्टा करतोय. संध्याकाळी घरी गेला तर भिंतीवरच्या फोटोकडं बोट करून बायकोला म्हणाला, "ही म्हातारी कुणाची लावलीस गं?" आई गेल्यावर ज्या बाईनं त्याला कडेवर घेऊन वाढवलं, तिच्याबद्दल हे.

हे जयमालाच्या कानावर आलं, तेव्हा तिनं रिक्षा रस्त्यातच थांबवली. कारण ते तेल तिनंच आणलं होतं. घराघरातलं तळणीचं तेल कारखान्याला द्यायचा कायदा झाला त्याला पाच वर्षं झाली होती, आणि तासगावच्या सात गल्ल्यांतून विजेची रिक्षा फिरवून ते तेल गोळा करायचं काम जयमाला खोतचं होतं. त्या सकाळी सिदूच्या बायकोनं आत्याच्या खोलीत आठ वर्षं पडून राहिलेली तेलाची किटली तिच्या हातात दिली होती. "न्या बाई, नुसती जागा अडवतीया," म्हणाली होती. नव्या यंत्राची चाचणी घ्यायला लहान घाणा हवा होता, म्हणून ती किटली एकटीच आत गेली.

कारखान्यातल्या केमिस्ट इंदापुरे मॅडम. बुटक्या, बॉबकट केलेल्या, चहात पारले बुडवून खाणाऱ्या. त्यांनी महिनाभर डोकं चालवलं आणि मग एका दुपारी जयमालाला शेजारी बसवून सगळं समजावून सांगितलं.

"महाबळेश्वरला पाणी लवकर उकळतं, माहितेय ना? वर हवेचा दाब कमी, म्हणून. आता हवा काढूनच टाकली तर? आमच्या नव्या पंपानं भांड्यात हवेचा लाखातला एक भाग उरतो. मग तेल तापवून करपवावं लागत नाही. ते सायीसारखं पातळ होऊन कोमट भिंतीवरून उतरतं, पाती ती साय पसरत राहतात, आणि तेलात जे जे हलकं आहे ते उडून समोरच्या गार नळीवर बसतं. आधी पाणी. सगळ्यात शेवटी वास. जसाच्या तसा, एकही टोक न मोडता."

"कसला वास? भज्यांचा?"

"तोही. पण अत्तरवाले फुलांचा वास चरबीत मुरवतात, ऐकलंय का? तसं तुमच्या ओट्याशेजारचं तेल. वर्षभर तिथंच उभं असतं. त्या घरातली माणसं त्यात मुरतात. त्यांचा घाम, त्यांची विडी, त्यांचं खोबरेल. पंधरा किलोच्या डब्यातून अंगठ्याच्या नखावर मावेल एवढा अर्क निघतो, पण त्यात अख्खा माणूस असतो."

"मग सिदू विसरला कसा? वासानं तर आठवायला पाहिजे."

मॅडमनी पारले चहात जरा जास्तच बुडवलं. तुटलं. "आठवणीचं कुरडईसारखं असतं. डब्यात सुकी असते तोवर वर्षानुवर्षं टिकते. काढून भिजवली की मऊ होते. आपण रोज थोडी भिजवतो, परत सुकवतो, परत ठेवतो. हा वास अख्खा डबाच एकदम पाण्यात घालतो. माणूस पुरताच्या पुरता समोर येतो. आणि चार श्वासांत वास उडून जातो. परत सुकवायला हातात काही उरतच नाही."

मॅडमना वाटलं होतं, हे कळल्यावर लोक यंत्राच्या वाऱ्याला उभे राहणार नाहीत. झालं उलटंच. लोक डबे घेऊन रांगेत उभे राहिले, मेलेल्यांना भेटायला नाही, जिवंतांना विसरायला. कुणी सासूला विसरली. कुणी सोडून गेलेल्या बायकोला. बेदाण्याचा एक व्यापारी आपल्या भागीदाराला इतका साफ विसरला की भागीदार बिचारा रोज सकाळी दुकानात येऊन नमस्कार करून आपली ओळख करून द्यायचा, आणि व्यापारी रोज म्हणायचा, "वा! बसा, चहा घ्या. आपलं गाव कुठलं?"

हसू येतं खरं. पण जयमाला रोज दारोदार फिरायची, तिला हसू येईना. गल्लीत दोन सख्ख्या जावा नळावर शेजारी शेजारी घागरी भरायच्या आणि एक दुसरीला वाट विचारायची. एका घरात जेवणाच्या पंगतीत एक माणूस बसलेला असायचा आणि घरातली एकजण त्याला वाढायचीच नाही. तिच्या लेखी तो पाट रिकामा होता. उन्हं कलायच्या वेळी गावावरून नुसती नजर फिरवली तरी वाटायचं, कुठंतरी काहीतरी गळतंय, आणि आवाज होत नाही.

मग नियम आले. डबा आपल्याच घरचा पाहिजे. सही पाहिजे. डब्यावर नाव नाही, फक्त नंबर. आणि यंत्रावरच्या माणसानं आपल्या घरचं तेल चालवायचं नाही. परक्याच्या वासानं त्याला काही होत नव्हतं. परका माणूस मुळात डोक्यात नसतोच, तर जाणार काय?

यंत्रावरचा माणूस होता बजरंग खोत, जयमालाचा नवरा.

आता या बजरंगबद्दल सांगायला हवं. अकरा वर्षांपूर्वी दिवाळीच्या तोंडावर, भर दुपारी, तो पिऊन घरी आला होता. पिऊन येणं रोजचंच. जयमाला चकल्या तळत होती. तो काहीतरी लागट बोलला, ती गप्प राहिली. गप्प का राहिलीस म्हणून त्यानं शेगडीला लाथ घातली. कढई कलंडली. तिचा डावा हात कोपरापासून मनगटापर्यंत सोलून निघाला. दवाखान्याच्या पायरीवर बसून बजरंग दिवसभर स्वतःच्या थोबाडीत मारत होता. त्या दिवसापासून थेंबाला शिवला नाही. ना औषध, ना माळ, ना शपथ. कुणी विचारलं तर म्हणायचा, "घसा सुकला की मी हिचा हात आठवतो. बास, तेवढं पुरतं."

आणि खरंच पुरत होतं. सकाळी तिच्या आधी उठून चहा टाकायचा. लेकीचं लग्न नीट करून दिलं, पुण्याला पाठवली. पण माणूस सुधारला तरी जयमालाचा हात काही सुधारला नाही. बजरंगनं साधं पातेलं जरी झटकन उचललं, तरी तिचा डावा हात आपोआप पाठीमागं जायचा. ते बघून बजरंग पातेलं हळूच खाली ठेवायचा, बुजऱ्या वासरासमोर ठेवावं तसं. 

त्या दिवशीच्या कढईत उरलेलं तेल आणि त्या सालातली सगळी तळणीची तेलं जयमालानं एका डब्यात भरून, तोंड डाक देऊन, झाळून बंद करून माळ्यावर ठेवली होती. का, ते तिलाही सांगता आलं नसतं. त्यात पुन्हा तळवेना, आणि ओतून टाकवेना. एवढंच.

एका सकाळी ती इंदापुरे मॅडमच्या टेबलासमोर उभी राहिली.

"मलाबी एकाला विसरायचंय."

"कुणाला?"

"माझ्या नवऱ्याला."

मॅडमचा कप हवेतच थांबला. "बजरंगला?"

"ह्यांना नव्हं. ह्यांच्या आदल्याला."

"तुमचं हे दुसरं लग्न आहे?"

"लग्न एकच हो. नवरे दोन. एक चहा करून देतो. दुसरा दाराआड उभा असतो. ह्याच्याकडं बघून हसायला जावं, तर त्याचंच तोंड दिसतं. त्याला तेवढं घालवा. मग म्हातारपण तरी सुखात जाईल."

मॅडमनी तिच्या भाजलेल्या हाताची आणि माळ्यावरच्या डब्याची सगळी हकिगत विचारून घेतली. "अकरा वर्षांपूर्वीचं तेल आहे ना? मग त्यात मुरलेला तेवढाच जाईल. पुढचा राहील. बहुतेक."

"बहुतेक म्हंजे?"

"म्हणजे मी केमिस्ट आहे, देवऋषी नव्हे."

ठरलं. गुरुवारी बजरंगची सुट्टी असायची, त्या दिवशी दुसरा गडी यंत्रावर. डब्याला नंबर पडला सत्तेचाळीस. जयमालानं घरी काही सांगितलं नाही. सांगणार काय?

गुरुवारी सकाळी अकराला ती काचेपलीकडच्या बाकावर जाऊन बसली. पंपाचा आवाज असा होता की ऐकू येण्याऐवजी दातांत जाणवायचा. यंत्राच्या गोल खिडकीतून दिसत होतं, तेलाची साय तांबूस उजेडात भिंतीवरून सरकत होती, पाती फिरत होती, आणि मधल्या गार नळीवर धुकं धरत होतं. ते धुकं कधी जाड व्हायचं, कधी विरायचं. जयमालाला उगीचच वाटलं, आतून कुणीतरी काचेवर श्वास सोडतंय.

यंत्रावरचा माणूस वळला. तो बजरंग होता. दुसऱ्या गड्याला ताप आला, म्हणून सकाळीच फोन करून त्याला बोलावलं होतं.

तिनं पदर तोंडावर ओढला. मग मनाला समजावलं, त्याला नुसता नंबर दिसतोय. बाटली आत येईल, आपण हुंगू, संपलं.

पण बजरंगची एक खोड होती, आणि सगळ्या कारखान्याला त्या खोडीचं कौतुक होतं. दर घाण्यानंतर गार भांडं मिथेनॉलनं धुतात. त्याचा अंश मागं राहिला तर हुंगणाऱ्याच्या डोळ्यांना धोका. ते तपासायला मीटर होतं, पण बजरंगचा त्याच्यावर विश्वास नव्हता. "मीटर झोपतंय, नाक झोपत न्हाई," म्हणायचा. बाटली भरली की तोंडावरची पट्टी खाली ओढायची, एक थेंब मनगटाच्या मागच्या बाजूला लावायचा, हुंगायचा, मान हलवायची, मग बूच. आजवर कितीतरी परक्यांचे थेंब त्यानं असे हुंगले होते. काही झालं नव्हतं.

त्यानं पट्टी खाली ओढली.

जयमाला उठली. काच दोन पावलांवर होती. मूठ आपटायला हात वर गेला, आणि तिथंच थांबला. तिच्या मनात एकच गोष्ट आली, विजेसारखी: बघू दे की. एकदा त्यालाबी बघू दे, तो कसा होता.

एक श्वास. दोन श्वास. मग तिनं दोन्ही मुठींनी काच बडवली.

बजरंगनं वर बघितलं. मनगट नाकाशी होतं. त्यानं तिला ओळखलं, तोंडावर पदर असूनही. आणि तिच्या हाताकडं बघितलं. त्याचा चेहरा असा झाला, जणू अकरा वर्षांपूर्वीची ती दुपार कुणी पुरीच्या पुरी त्याच्या अंगावर ओतली असावी. ओठ हलले. काय म्हणाला ते पंपानं ऐकू दिलं नाही. डोळ्यांतून धारा लागल्या. तो तिच्याकडं एक पाऊल चालत आला.

दुसऱ्या पावलाला चेहऱ्यावरची एक एक सुरकुती सैल होत गेली. आधी कपाळाची. मग डोळ्यांखालची. काचेशी येईपर्यंत तिथं एक प्रसन्न, ताजातवाना माणूस उभा होता. गाल ओले कसे झाले म्हणून तो बोटांनी चाचपून बघत होता.

दार उघडून तो बाहेर आला. "अगं जयू! तू हितं काय करतीस? डबा आणायला आलीस व्हय?"

संध्याकाळी जेवताना तिनं भाकरी पुढं केली, तेव्हा त्यानं तिचा डावा हात धरला. हळुवारपणे. "हे कधी गं भाजलं एवढं? आणि मला सांगितलं न्हाईस?"

त्या रात्री तो घोरत झोपला, बाळासारखा. जयमाला छताकडं बघत पडून राहिली. दुसरा नवरा दाराआड होताच. फरक एवढाच की आता तो फक्त तिलाच दिसत होता.

दुसऱ्या दिवशी मॅडमनी कपाळावर हात मारून घेतला. "परत आणता येत नाही, जयमालाबाई. जे उडालं ते उडालं."

"मी सांगते की त्यांना. सगळं सांगते."

"सांगा. पण ती त्यांना आठवण होणार नाही. गोष्ट होईल." मॅडमनी खणातून एक चिमुकली बाटली काढली. "एक थेंबच वापरला गेला. हा उरलेला तुमचा. पाहिजे असेल तर."

जयमालानं ती बाटली चहाच्या डब्यात, पुडीच्या आत ठेवली. रोज सकाळी डबा उघडायची, बाटलीला बोट लावायची, परत पुरायची. बजरंग मजेत होता. शीळ घालायचा. पातेली दणादणा आपटायचा, आणि तिचा हात पाठीमागं गेला की विचारायचा, "काय गं, पाठ खाजती का?"

तिसऱ्या रविवारी, दुपारी, ती कडाकण्या तळत होती. बजरंग एका दोस्ताच्या पोराच्या साखरपुड्याहून आला. हातात कागदात गुंडाळलेली बाटली होती. त्यानं ती ओट्यावर ठेवली आणि अगदी सरळ मनानं म्हणाला, "बघ की गंमत. समदी म्हणाली, बजरंग घेत न्हाई. मी म्हटलं, का घेत न्हाई बाबा मी? लई आठवून बघितलं. कारणच सापडंना. मग म्हटलं, घरी बसून एकदा चव तर बघू. एक पेला दे."

कढईत तेल तापत होतं. जयमालानं आधी गॅस बंद केला. कढई दोन्ही हातांनी उचलून मोरीच्या कोपऱ्यात, भिंतीला टेकवून ठेवली. मग चहाचा डबा उघडला.

बाटली बोटांत घेतली आणि ती थांबली. बूच काढायचं, चार श्वास घ्यायचे. हात गुळगुळीत होणार नाही, पण आतलं सगळं गुळगुळीत होईल. मग या स्वयंपाकघरात दोन माणसं राहतील, दोघंही निष्पाप, आणि ओट्यावरची ती दारूची बाटली, आणि शेगडी. आणि पुढच्या वेळी काय होणार, ते आधीच ठाऊक असलेलं कुणीच उरणार नाही.

तिनं खिडकी उघडली. पदराचा बोळा नाकातोंडावर दाबला, श्वास कोंडला, शेगडी पेटवली आणि अर्क ज्योतीवर ओतला. ज्योत हातभर वर गेली, निळी, जवळजवळ न दिसणारी; आणि तेवढ्यापुरती जयमालाला त्या निळ्यात कुणाची तरी वळलेली पाठ दिसली. पन्नास आकडे तिनं मनात मोजले. डोळ्यांपुढं अंधारी आली तरी मोजले.

"अगं काय करतीस? घर जाळतीस का?" बजरंग ओरडला.

तिनं पदर काढला. शेगडी बंद केली. त्याच्यासमोर पाट ओढून बसली, आणि डावा हात, बाही वर सरकवून, त्याच्या मांडीवर ठेवला.

"पेला देते. आधी एक ऐका."

तिनं सांगितलं. दुपार, चकल्या, वास, लाथ. काही वाढवलं नाही, काही गाळलं नाही. कातडी कशी निघाली ते सांगितलं. दवाखान्यात नर्सला काय खोटं सांगितलं तेही सांगितलं. बजरंग ऐकत गेला तशी त्याच्या मानेची शीर ताठ होत गेली. डोळे लाल झाले. संपलं तेव्हा तो उठूनच उभा राहिला.

"कोण भाड्या तो? आपल्या गल्लीतला का? बायामाणसावर लाथ उगारतो? आत्ता जातो. उलटा टांगतो त्याला चौकात. मी वळखतो का त्याला?"

"वळखत होता."

"नाव सांग."

सत्तावीस वर्षांच्या संसारात जयमालानं नवऱ्याचं नाव तोंडातून काढलं नव्हतं. नवऱ्याचं नाव घेतलं की त्याचं आयुष्य झिजतं, असं तिच्या आईनं तिला सांगितलं होतं. रेशनच्या दुकानात, दवाखान्यात, मतदानाच्या रांगेत, कुणी विचारलं की ती शेजारणीकडं बघायची आणि शेजारीण सांगायची. लेक हसून हसून बेजार व्हायची. तरी नाही.

"नाव सांग म्हणतो ना!"

"बजरंग," ती म्हणाली. आणि कुणाला शंका राहू नये म्हणून पुढंही म्हणाली, "बजरंग पांडुरंग खोत."

तो हसला. मग हसू ओठांवर तसंच राहिलं, खाली उतरायचं विसरल्यासारखं. त्यानं तिच्या तोंडाकडं बघितलं, हाताकडं बघितलं, ओट्यावरच्या कागदी पुडक्याकडं बघितलं. डोक्यात त्यानं किती लांबवर शोधलं असेल कोण जाणे. तिथं काही नव्हतंच. धरायला होता तो फक्त समोरचा हात.

हळूहळू, गुडघे दुखणाऱ्या म्हाताऱ्यासारखा, तो परत खाली बसला.

"परत सांग," बजरंग म्हणाला. "पहिल्यापासून."